वाचकांचे प्रश्न : खिशातली बॅटरी आणि अगदी मंद उजेड

गेल्या महिन्यात घरातल्या इमर्जन्सी दिव्यांबद्दल लिहिताना आम्ही एक वाक्य जाता जाता टाकलं होतं : ‘रात्री उठण्यासाठी उशाशी एक लुमेनहूनही कमी उजेडाची छोटी बॅटरी असावी.’ सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो : बोलताना आपण विजेरीला ‘बॅटरी’ आणि तिच्या पोटातल्या वस्तूला ‘सेल’ म्हणतो. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

बाळ पाच महिन्यांचं आहे. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मोबाइलचा टॉर्च लावला की बाळ टक्क जागं होतं आणि मग तासभर झोपत नाही. ‘एक लुमेनहून कमी’ म्हणजे नक्की किती? आणि दुकानात जाऊन विचारायचं काय?
— एक वाचक, कोथरूड

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. एक मेणबत्ती सगळ्या बाजूंना मिळून साधारण १२ लुमेन उजेड देते. मोबाइलचा टॉर्च चाळीस-पन्नासच्या आसपास असतो आणि तो सगळा एकाच दिशेला पडतो. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना जमिनीवरचा उजेड ढोबळमानाने पाव लक्स धरतात. एक लक्स म्हणजे एक चौरस मीटरवर एक लुमेन. तेव्हा पाव लुमेनचा उजेड दुपट्याएवढ्या जागेवर सारखा पसरला, तर तिथे पौर्णिमा उतरली म्हणायची. म्हणून कंपन्या बॅटरीच्या या सगळ्यात मंद पातळीला, म्हणजे मोडला, ‘मूनलाइट’ म्हणतात. काही जण ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा, असंही नाव देतात. नाव काहीही असो, आकडा बघा. ०.०५ ते ०.५ लुमेन असेल तर तो खरा मंद मोड.

इतक्या कमी उजेडात दिसतं कसं? दिवा मालवल्यावर डोळ्यांतल्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत जेवढ्या सरावायच्या तेवढ्या सरावतात. मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींना मात्र अर्धा तास लागतो. झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे पूर्ण सरावलेलेच असतात, त्यामुळे पाव लुमेनमध्ये लंगोट बदलणं, बाटली शोधणं, बाळाचा श्वास नीट चाललाय ना ते बघणं सहज होतं. त्याच डोळ्यांवर एक क्षण जरी १०० लुमेन पडले, तर कमावलेला अर्धा तास गेला.

आता खरी गोम. बॅटरीचा सगळ्यात मंद मोड किती मंद आहे, यापेक्षा बटण दाबल्यावर पहिल्यांदा कोणता मोड लागतो हे महत्त्वाचं आहे. दुकानातल्या बहुतेक बॅटऱ्या आधी पूर्ण उजेड टाकतात, मग मध्यम, मग मंद. मंदपर्यंत पोचेस्तोवर बाळ उठलेलं असतं. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न हा : ‘चालू होताना मंदच लागते का?’ तीन तऱ्हा भेटतील.

पहिली, डोकं पिळून चालू होणारी. डोकं आवळलं की लागते, सैल केलं की विझते, लगेच पुन्हा आवळलं की पुढचा मोड. यातल्या चांगल्या मॉडेलांत क्रम मंदपासूनच सुरू होतो. उदाहरणार्थ, रिमोटच्या एका सेलवर चालणारी थ्रूनाइट टीआय३ ०.०४ लुमेनपासून सुरू होते. खटका नाही, आवाज नाही. पण कडेवर बाळ असताना एका हाताने पिळणं जरा सरावाने जमतं.

दुसरी, शेपटीला खटक्याचं बटण असलेली. हिचा ‘खट्’ आवाज शांत खोलीत मोठा वाटतो. शिवाय कित्येकींना मेमरी असते, म्हणजे जिथे बंद केली त्याच मोडमध्ये पुन्हा लागते. संध्याकाळी कोणी गाडीची किल्ली शोधायला पूर्ण उजेडावर वापरून ठेवली की रात्री तुमच्या डोळ्यांवर तोच उजेड येणार.

तिसरी, अंगावर मऊ बटण असलेली. हिच्या बऱ्याच मॉडेलांत बटण अर्धा-एक सेकंद दाबून धरलं की थेट मंद मोड लागतो आणि नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं की नेहमीचा. अँड्युरिल नावाची, बटण आणि मोड सांभाळणारी खुली सॉफ्टवेअर प्रणाली ज्या बॅटऱ्यांत असते, त्यांतही बंद असताना बटण दाबून धरलं की सगळ्यात खालची पातळी लागते. पण दाबून तसंच धरून ठेवलं तर उजेड वाढत जातो, म्हणून लागली की बोट उचलायचं. तुमच्या कामाला ही तिसरी तऱ्हा सगळ्यात सोयीची. हिची एक खोड मात्र आहे. ती सेलच्या प्रश्नात पुढे येईल.

दुकानात एवढं करून बघा. बॅटरी पूर्ण उजेडावर लावा, बंद करा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. कोणता मोड लागला? मग दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तिच्या अंधारात मंद मोड दहा वेळा चालू-बंद करा. काही बॅटऱ्या मंद मोड लागायच्या आधी डोळ्याचं पातं लवेल इतका वेळ झगकन चमकतात. दोष सर्किटचा असतो आणि सेल पूर्ण भरलेला असताना तो जास्त जाणवतो, म्हणून नव्या सेलवरच तपासा. भर दिवसा ०.१ लुमेन बाहेर दिसणारच नाही. दुकानदार ‘सेल गेला असेल’ म्हणून बॅटरी परत ठेवू लागेल. ओंजळीतच बघा.

दोन पातळ्यांमधलं अंतरही बघा. प्रकाश चौपट झाला की डोळ्यांना तो जेमतेम दुप्पट वाटतो, त्यामुळे ०.३, मग ३, मग ३० आणि शेवटी १०० हा जिना चांगला. ०.३ वरून थेट १५० वर उडी मारणारी बॅटरी घेऊ नका. कारण ड्रॉपरमधले थेंब मोजायला आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला पाव लुमेन पुरत नाही, तिथे दोन-तीन लुमेन लागतातच. औषध कधीही मूनलाइटमध्ये मोजू नका. त्या उजेडात रंगही नीट कळत नाहीत, लाल तर काळाच दिसतो. अंगावरचं पुरळ बघायचं असेल तर मधल्या पातळीवर या.

झोत एकवटलेला नको, पसरट हवा. छोट्या आरशाच्या वाटीपेक्षा खडबडीत प्लास्टिक भिंगाची बॅटरी जवळच्या कामाला बरी. आणि उजेडाचा रंग ४००० केल्विन किंवा त्याखालचा, पिवळसर, घ्या.

माझ्या बॅटरीच्या खोक्यावर ‘लो : ५ लुमेन’ लिहिलंय. मग हा मंद मोडच झाला ना?
— एक वाचक, नांदेड

संध्याकाळी जिन्यावर, लाइट गेल्यावर जेवायला, कपाटात शोधाशोध करायला पाच लुमेन उत्तम. ओलाइट आय३टी सारख्या चांगल्या बॅटरीचाही खालचा मोड पाचच लुमेनचा आहे आणि दिवसभर खिशात ठेवायला ती छान आहे. पण सरावलेल्या डोळ्यांना पाच लुमेनचा एकवटलेला झोत टोचतो. पाव लुमेनच्या तो वीसपट आहे.

खोक्यावर लुमेनऐवजी टक्के दिले असतील तर गुणाकार करा. ‘१००० लुमेन, लो १०%’ म्हणजे शंभर लुमेन झाले. याला मंद म्हणत नाहीत. आणि ‘३ मोड’ म्हणजे पूर्ण, अर्धा आणि लुकलुक असेल, तर तीही घेऊ नका. मध्यरात्री मोड बदलताना लुकलुक लागण्यासारखा वैताग नाही.

सेल कोणते घालावेत? घरात रिमोटचे लाल सेल पडलेले असतात, ते चालतील का? की यूएसबीवर चार्ज होणारीच घ्यावी? दुकानदार ‘३.७ व्होल्टचा घाला, डबल उजेड मिळेल’ म्हणतो.
— रात्रपाळीच्या परिचारिका, मिरज

आधी हिशेब. पाव लुमेनसाठी एलईडीला लागणारी वीज इतकी कमी असते की तिच्यापेक्षा सर्किटच जास्त खातं. तरी चांगल्या सर्किटवर रिमोटच्या आकाराचा, म्हणजे बारीक पेन्सिल सेल मंद मोडवर शंभर तासांच्या आसपास चालायला हवा. रात्री दहा मिनिटं वापर धरला तर या ६०० रात्री झाल्या. म्हणजे मंद मोड वापरणाऱ्याचा सेल बहुतेकदा संपत नाही, तो आत पडून पडून फुटतो. सेल निवडताना विचार याचा करायचा.

लाल-निळ्या वेष्टनातले स्वस्त सेल बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. त्यांचं बाहेरचं जस्ताचं भांडंच वापरात झिजत जातं आणि शेवटी पाझरतं. भिंतीवरच्या घड्याळाला ठीक, बॅटरीला नको. अल्कलाइन सेल ताकदीने दुप्पट-तिप्पट, पण तोही वर्षा-दोन वर्षांत पाझरू शकतो आणि त्यातून येणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड अॅल्युमिनियमला खातं. बोटाएवढ्या बॅटरीत सेल फुगून अडकला की मग ठोकूनही निघत नाही.

आमची शिफारस : कमी स्वयंविसर्गाचा (पडून राहिला तरी चार्ज फारसा न गमावणारा) निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे नेहमीचा चांगला रिचार्जेबल सेल. क्षमता बघा : बारीक पेन्सिल ७५० ते ८०० मिलिअँपतास, जाड पेन्सिल १९०० ते २०००. वर्षभर पडून राहिला तरी बराचसा चार्ज टिकतो आणि पाझरणं क्वचितच. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून घाबरू नका. एका सेलच्या बॅटरीत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतंच, कारण पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. चार्जर मात्र प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या. वर्षातून एक-दोनदाच वापर असेल, गाडीत किंवा डोंगरावरच्या सामानात ठेवायची असेल, तर १.५ व्होल्टचा न-चार्ज होणारा लिथियम सेल महाग पण सर्वांत बिनघोर. थंडीतही तो दगा देत नाही आणि वजनाला हलका.

आता तो ३.७ व्होल्टचा सल्ला. १०४४० नावाचा सेल दिसायला हुबेहूब रिमोटच्या सेलसारखा आणि १४५०० हा जाड पेन्सिलसारखा असतो, पण दोन्ही लिथियम-आयन. पूर्ण भरलेले असताना ते ४.२ व्होल्ट देतात. बॅटरीच्या माहितीपत्रकात या सेलचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला. नसेल तर काय होतं ते ऐका : व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटला आत येणारं व्होल्टेज एलईडीच्या गरजेपेक्षा जास्त मिळालं की त्याचा ताबाच सुटतो आणि वीज थेट एलईडीत घुसते. उजेड ‘डबल’ होतो खरा, पण मंद मोड नाहीसा होतो, दोन मिनिटांत बॅटरी हाताला चटका देते आणि एखाद्या दिवशी एलईडी जळते. मंद उजेडासाठी बॅटरी घेणाऱ्याला तर हा सल्ला उलटाच पडतो. हे सेल घरात असतील तर रिमोट-घड्याळाच्या सेलांत मिसळू देऊ नका, त्यांना वेगळी डबी ठेवा.

यूएसबीची बॅटरी रात्रपाळीत सोयीची, कारण चार्जर जवळ असतो. आतला सेल काढता येतो का, एवढं विचारून घ्या. चिकटवलेला असेल तर चार-पाच वर्षांनी सेलबरोबर बॅटरीही टाकावी लागते. काही स्वस्त बॅटऱ्यांना सी प्रकारचं तोंड असतं, पण त्यामागे लागणारे दोन छोटे रोधक बसवलेले नसतात. त्या मोबाइलच्या सी-टू-सी वायरवर चार्जच होत नाहीत, जुनी रुंद टोकाची वायर लागते. बॅटरी बिघडली असं समजून लोक परत करतात.

आणि वर म्हटलेली ती खोड. अंगावर मऊ बटण असलेली बॅटरी बंद असतानाही ‘बटण दाबलं का?’ हे बघत थोडी वीज खात असते. ती ५० मायक्रोअँपिअर असेल तर वर्षाला ४३८ मिलिअँपतास जातात, म्हणजे बारीक पेन्सिल सेल निम्म्याहून जास्त रिकामा. २० असेल तर १७५. उपाय सोपा : वापर नसेल तेव्हा शेपूट पाव वळसा सैल करा. आट्यांवर अॅनोडायझिंगचा, म्हणजे अॅल्युमिनियमवरचा रंगीत संरक्षक, थर असेल तर तो वीज जाऊ देत नाही, त्यामुळे विजेचं मंडल तुटतं. आटे उघड्या चकचकीत धातूचे असतील तर ही युक्ती चालत नाही, शेपूट पूर्ण काढावं लागेल. पिळायच्या आणि खटक्याच्या बॅटरीला ही भानगडच नाही.

वॉर्डात वापरायची असेल तर आणखी एक. रुग्णाच्या बाहुल्या तपासायला मूनलाइट चालत नाही, आणि ५०० लुमेनची बॅटरी डोळ्यांवर मारायची तर नाहीच. पेनसारखी वेगळी पेन-टॉर्च ठेवा. सलाइनची गती, कॅथेटरची पिशवी, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप, याला एक ते तीन लुमेन नेमके.

आई ७४ वर्षांची आहे. रात्री बाथरूमला जाते. तिला हीच मूनलाइटची बॅटरी आणून देऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

नको. वयाबरोबर बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. तुम्हाला पाव लुमेनमध्ये उंबरठा दिसेल, त्यांना दिसणार नाही, आणि पडणं जागं होण्यापेक्षा कितीतरी वाईट. शिवाय पिळायची बॅटरी दुखऱ्या बोटांना जड जाते.

खोलीपासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत दोन-तीन प्लगात बसणारे, हालचाल ओळखून लागणारे पिवळसर दिवे लावा. लाइट गेली तर म्हणून उशाशी एक बॅटरी असू द्या. तिचा पहिला मोड तीन ते पाच लुमेनचा हवा, एकच मोठं बटण हवं, आणि मनगटाला अडकवायची दोरी हवी. दोरीसकट ती रोज त्याच खिळ्याला टांगायची. अंधारात हात आपोआप तिकडे जातो.

आकाशदर्शनाला वांगणीला जातो, तिथे लाल दिवाच लावा म्हणतात. मग लाल एलईडीची घ्यावी की मंद पांढरी?
— दोन पत्रांतला समान प्रश्न, ठाणे आणि पनवेल

दंडपेशींना गडद लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे लाल उजेडात नकाशा वाचला तरी सरावलेले डोळे टिकतात. शास्त्र खरं आहे, पण अर्धंच लोकांच्या लक्षात राहतं. लाल दिवाही मंद हवा. पन्नास लुमेनचा लाल झोत अर्ध्या लुमेनच्या पांढऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो. पांढऱ्या एलईडीवर लाल जिलेटिन कागद लावून भागवलं तर त्यातून निळा-हिरवाही थोडा झिरपतो, दोन-तीन पदर लावा. आणि लाल उजेडात ताऱ्यांच्या नकाशावरच्या लाल रेघा गायब होतात, हे आधीच तपासून ठेवा. समूहात असाल तर लाल, घरच्या गच्चीवर एकटे असाल तर ०.०५ लुमेनचा पांढराही चालतो.

घेताना बघा की लाल मोड थेट लागतो की पांढऱ्यावरून जावं लागतं. पांढऱ्यावरून जाणारी बॅटरी एकदा लावली की शेजारच्या दुर्बिणीवरचा माणूस काय बोलेल ते लिहायला नको.

याला जोडून : मे अखेर आणि जूनमध्ये भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला काजवे बघायला जाणाऱ्यांनीही हेच धरावं. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची खाणाखुणा असते, आणि बॅटरीच्या झोतात ती दिसेनाशी होते. झाडावर उजेड मारायचाच नाही, लालसुद्धा. पायवाट बघायला सगळ्यात मंद लाल, झोत पायाशी, आणि उभं राहिलं की बंद.

मंद मोडवर फोटो काढला की आडव्या काळ्या पट्ट्या येतात. बॅटरी खराब आहे का?
— एक वाचक, अकोला

खराब नाही, स्वस्तात उरकलेली आहे. उजेड कमी करायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे एलईडीला सतत पण थोडी वीज देणं. दुसरा म्हणजे पूर्ण वीज देऊन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करणं. तुमच्या बॅटरीत दुसरा आहे. कॅमेऱ्याशिवायही कळतं : नळाची बारीक धार सोडून तिच्यावर उजेड टाका. धार अखंड दिसली तर ठीक. मण्यांच्या माळेसारखी तुटक दिसली तर लुकलुक मंद गतीची आहे. सेकंदाला काही हजार वेळा असेल तर त्रास होत नाही. शे-दोनशेच्या आसपास असेल तर डोळे फिरवताना उजेडाच्या ठिपक्यांची रांग दिसते आणि काहींचं डोकं चढतं. शिवाय पहिल्या पद्धतीत त्याच सेलवर जास्त तास मिळतात, कारण एलईडी कमी विजेवर जास्त कार्यक्षम असते. रात्री दहा मिनिटांचाच वापर असेल तर आहे ती वापरा. नवी घेताना सतत वीज देणारीच मागा.

पिळायची बॅटरी दोन वर्षं छान चालली. आता हातात धरून चालताना आपोआप मंदवरून मध्यमवर जाते. दुरुस्त होईल?
— एक वाचक, कुडाळ

होईल, घरीच. डोकं आवळण्यावर जो संपर्क होतो तो मळला आहे. चालताना क्षणभर संपर्क तुटतो आणि सर्किटला वाटतं, तुम्ही बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणून ते पुढचा मोड लावतं.

सेल काढा. डोक्याच्या आतली गोल पितळी चकती आणि नळीची कडा (जिथे रंग नसून उघडा धातू आहे ती) कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काळा डाग हटला नाही तर पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा. पॉलिश पेपर नको, मुलामा जातो. आट्यांतलं जुनं काळं ग्रीस जुन्या कपड्याने काढा. रबरी कडं तडकलं असेल तर बदला. मग आट्यांवर आणि रबरावर मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. व्हॅसलीनने बऱ्याच जातींचं रबर फुगतं, आणि खोबरेल हिवाळ्यात थिजतं.

आत पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर सेल पाझरला आहे. ती बहुतेकदा अल्कधर्मी असते, म्हणून काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा. फसफसणं थांबलं की ओल्या काडीने, मग अल्कोहोलने पुसून दिवसभर उघडं ठेवा. हे करताना हात डोळ्यांना लावू नका. कोकणातल्या दमट हवेत वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, एवढं केलं की पुरतं.

घरात १०० लुमेनची जुनी, एकाच मोडची बॅटरी आहे. नवी न घेता तीच मंद करता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

येईल. गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी घ्या, भिंगाच्या मापाचा गोल कापा आणि मधोमध सुईने एक मिलिमीटरचं भोक पाडा. तो गोल भिंगावर ठेवून कडेने काळ्या वायर-टेपने बंद करा. नुसती काळी टेप लावू नका, तिच्यातून उजेड झिरपतो. भिंग २० मिलिमीटरचं असेल तर भोकाचं क्षेत्रफळ त्याच्या चारशेव्या हिश्शाएवढं, म्हणजे १०० लुमेनमधून पाव लुमेनच्या आसपास बाहेर येईल. मधोमध झोत दाट असल्याने प्रत्यक्षात थोडं जास्तच. जास्त वाटलं तर भोक मधून कडेकडे सरकवा.

तोटा असा, की सेल पूर्ण वेगानेच संपतो, बाकीचा उजेड आत वाया जातो. ३००-४०० लुमेनच्या पुढच्या बॅटरीला हे करू नका. उजेड परत आत फिरून भिंग तापतं, टेप वितळते. एखाद्याच रात्रीपुरतं असेल तर बॅटरी लावायच्या आधी भिंगावर अंगठा दाबून धरा. अंगठ्यातून लाल उजेड येतो, काम भागतं.

गावी परसात रात्री जावं लागतं. मंद उजेडावर किडे कमी येतात म्हणून मूनलाइटवरच जावं असा विचार आहे.
— एक वाचक, संगमेश्वर

विचार बदला. घराबाहेर मंद मोड वापरायचा नाही. मण्यार रात्रीच फिरते, फुरसं पाचोळ्यात मातीच्या रंगाचं होऊन बसतं, घोणस वाटेतून हलत नाही. पाव लुमेनमध्ये काठी आणि फुरसं सारखंच दिसतं. पायवाटेला किमान ५० लुमेन, शंभर असतील तर उत्तम. झोत पायांपुढे दोन-तीन पावलांवर, पायांत बूट, हातात काठी. किड्यांचा त्रास पिवळसर उजेडाला त्यातल्या त्यात कमी होतो, तेवढं करता येईल. मंद मोड परत आल्यावर, दाराच्या आत.

परदेशी मुलीकडे जाताना ही बॅटरी कुठल्या बॅगेत ठेवायची?
— एक वाचक, सांगली

हातातल्या. सुटे लिथियम सेल सामानाच्या बॅगेत टाकायला मनाई असते. ते केबिनमध्येच न्यायचे, टोकांना टेप लावून किंवा प्रत्येक सेल वेगळ्या डबीत. बॅटरीचं शेपूट सैल करून ठेवा, म्हणजे बॅगेत दाबली जाऊन लागणार नाही. विमानात दिवे मालवल्यावर चष्मा खाली पडला तर शेजाऱ्याला न उठवता शोधायला हीच उपयोगी पडेल.